आनंदराव मुन्शींची अमेरिकेची तयारी

१२ जानेवारी १९६९, रविवार

आज ठरलं. मी अमेरिकेला जाणार. हॅल्वरसन साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलेलं नाही, पण मोठी माणसं स्पष्ट बोलत नसतात. उपासना संपल्यावर म्हणाले, मे महिन्यात आम्ही सहकुटुंब वर्षभराच्या रजेवर घरी जातो, तिकडच्या चर्चांमध्ये इथल्या कामाची माहिती देऊ, आणि मुन्शीजी, तुमच्याबद्दलही लोकांना कळलं पाहिजे. आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी तिथे नको?

पाच वर्षं साहेबांना मराठी मी शिकवली. गावोगाव त्यांच्या इंग्रजी प्रवचनाचं मराठी मी केलं. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. अख्ख्या मिशन कंपाउंडमध्ये माझ्याएवढा दाखवण्यासारखा माणूस नाही.

संकल्प: रोज दहा इंग्रजी शब्द. काट्या-चमच्याने जेवण. तंबाखू बंद.

१५ जानेवारी

तंबाखू एकदम सोडणं प्रकृतीला घातक असतं. हळूहळू सोडणार. काट्याने भात खाल्ला. पाऊण तास लागला, वरण राहूनच गेलं. जया हसली. आईविना वाढलेली पोर, वळण नाही. तिला भांडी पुन्हा घासायला लावली.

२३ जानेवारी

साहेबांच्या मराठीने जीव विटला. मी शिकवतो शुद्ध, आणि हे जीपमध्ये ड्रायव्हर देवाजीच्या शेजारी बसून त्याची भाषा उचलतात. आज गावात सगळ्यांसमोर म्हणाले, मले लय आनंद होऊन राहिला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मग पुढे सरकून बसल्या. प्रवचन त्यांनी स्वतःच मराठीत उरकलं. मी बाजूला उभा. माझा घसा बसलाय हे त्यांनी ओळखलं असणार.

१३ फेब्रुवारी

भिवापूरकडचा दौरा. गावात चिटपाखरू नाही, सगळे मिरची तोडायला गेलेले. साहेबांना तर फोटो हवे होते. शेवटी मला म्हणाले, मुन्शीजी, तुम्हीच बसा. कोट काढा, बूट काढा. देवाजीचा मळका टॉवेल डोक्याला बांधायला दिला आणि एका पडक्या झोपडीपुढे बसवलं. म्हणाले, जरा दुःखी व्हा. मी देवाजीचा विचार केला, लगेच जमलं. साहेब म्हणाले, परफेक्ट. एकूण नऊ फोटो.

अमेरिकेत आधी माझा साधेपणा दिसावा आणि मग सुटातला मी स्टेजवर यावा, अशी योजना दिसते. साहेब हुशार माणूस.

२ मार्च, रविवार

साहेबांच्या मॅडम घरी आल्या. मला वाटलं पासपोर्टचं बोलणार. पण त्यांनी जयाच्या नर्सिंगचा फॉर्म आणला होता. कंपाउंडमधल्या एका मुलीला मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये राखीव जागा असते, आणि मॅडमनी जयाचं नाव सुचवलंय. मॅट्रिकचा निकाल लागला की फॉर्म द्यायचा, शेवटची तारीख २० जून. मॅडमची शिफारस झालेली आहे. फक्त बापाची सही बाकी.

म्हणे, जया शाळेनंतर मिशनच्या दवाखान्यात जखमा धुते तेव्हा तिचा हात कापत नाही. मी म्हटलं, विचार करतो. मी अमेरिकेत, ही होस्टेलात, मग क्वार्टरला कुलूप. कुलूप दिसलं की देवाजी क्वार्टर मागायला टपलेलाच आहे. हे मॅडमना कोण सांगणार? फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला.

१९ मार्च

सूट शिवून आला. पँट पोटावर बसत नाही. तिकडे खाणं हलकं असतं, बसेल.

इंग्रजी शब्दांची वही सापडत नाही.

११ एप्रिल

जयाने चौथ्यांदा सहीचं विचारलं. मी म्हटलं, नर्स म्हणजे परक्या माणसांची घाण काढायची. ती म्हणाली, इथं तरी काय करून राहिली मी. बरंच झालं मी शांत स्वभावाचा आहे. दोन दिवस तिच्याशी बोलणार नाही.

८ मे, गुरुवार

स्टेशनवर गेलो होतो. सूट, टाय, पेटी, होल्डॉल. मागाहून धावपळ नको म्हणून सगळं बरोबर नेलं.

मॅडमना फार आनंद झाला. म्हणाल्या, आम्हाला निरोप द्यायला इतक्या उन्हात सूट घालून आलात. साहेबांनी मिठी मारली आणि त्यांच्या तीन ट्रंका डब्यात चढवायला लावल्या. देवाजीने विचारलं, मुन्शीजी, तुमची पेटी काहून आणली गा? मी म्हटलं, तिला ऊन दाखवायचं होतं. त्याने पुढे विचारलं नाही, नुसता होल्डॉल उचलून जीपमध्ये टाकला. त्याची ही सवय मला आवडत नाही.

गाडी सुटताना मॅडम खिडकीतून ओरडत होत्या, जयाचा फॉर्म, मुन्शीजी, जयाचा फॉर्म. साहेब आधी जाऊन व्यवस्था लावणार आणि मग मला बोलावणार, हे उघड आहे. तिकीट पोस्टाने येईल.

९ जून

जया मॅट्रिक पास. सेकंड क्लास. आजोबांच्या वेळेपासून बुद्धी घरातच आहे. पोस्टात काही नाही.

२० जून, शुक्रवार

जेवायला बसलो तर ताटाशेजारी फॉर्म आणि पेन. ड्रॉवर उघडला कुणी? जया समोर उभी. म्हणाली, बाबा, ऑफिस पाच वाजेपर्यंत आहे, मी पायी जाते, सही तेवढी द्या. मी म्हटलं, आधी जेवू दे. वाढताना तिचा हात हलला आणि वरणाचा थेंब फॉर्मवर पडला. जखमा धुताना कापत नाही म्हणे. डाग पडलेल्या कागदावर आनंदराव मुन्शी सही करत नाही. मग जरा आडवा झालो. उठलो तेव्हा साडेपाच.

२१ जून

जागा देवाजीच्या सिंधूला मिळाली. तिच्या बापाला धड सही येत नाही, त्याने अंगठा लावला आणि ऑफिसने चालवून घेतलं. काय पातळी राहिली आहे. वर ऑफिसने मॅडमना अमेरिकेला तसं कळवलंसुद्धा.

जया मोरीत बसून रडली. आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. किती पाणी वाया गेलं.

१७ ऑगस्ट

तिकीट नाही. बोटी उशिरा येतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोठा दिवस. अमेरिकेहून साहेबांचं छापील बातमीपत्र आलं, आणि पहिल्याच पानावर माझा फोटो. झोपडी, टॉवेल, दुःखी मुद्रा, सगळं स्वच्छ आलंय. उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं. देवाजीला तर पुढे बसवलं. चष्मा घरी राहिल्यामुळे जयाला म्हटलं, तू वाच आणि लोकांना कळेल असं मराठी करून सांग. तिने आधी मनात वाचलं. म्हणाली, बाबा, घरी वाचू. मी म्हटलं, इथेच वाच, मोठ्याने, एक शब्द गाळायचा नाही.

तिने एक शब्द गाळला नाही. मॅडमनी लिहिलं होतं: हा माणूस पाहा. वर्षानुवर्षं देवाचं वचन याच्या दाराशी आलं, याने ऐकलं नाही. याच्या हुशार मुलीला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी बापाची एक सही हवी होती. ती त्याने केली नाही. आपण ज्या अंधारात काम करतो तो असा आहे. या बापासाठी आणि मुलीसाठी प्रार्थना करा.

म्हाताऱ्या प्रयागबाईने चांगल्या मनाने आमेन म्हटलं. मग सवयीने सगळ्यांनीच म्हटलं.

१३ ऑक्टोबर

साहेबांना पत्र लिहिलं. फोटो उत्तम. मात्र खाली माझं नाव द्यायचं राहून गेलंय, पुढच्या अंकात दुरुस्ती व्हावी. बाकीच्या मजकुराबद्दल काही लिहिलं नाही. तो कुणा दुसऱ्याचा चुकून माझ्या फोटोखाली आला असावा.

३ नोव्हेंबर, सोमवार

बंगल्यात नवे साहेब आलेत. त्यांना मुन्शी नको, मराठी शिकूनच आलेत. आया मात्र हवी होती. जया आजपासून लागली, पोरांचे लंगोट धुवायला. राहायचंही तिकडेच. मला विचारलं नाही. म्हणाली, तिथं सही लागत नाही.

निघताना मी विचारलं, माझ्या जेवणाचं काय? म्हणाली, बाबा, तिकडं अमेरिकेत चर्चच्या चर्च तुमच्यासाठी प्रार्थना करून राहिले, त्याइलेच सांगा एखादी पोळी टाकाले.

दुपारी भात लावला. करपला.