लाल टॅग

शमुवेलमामा,

'प्रिय' लिहवत नाही. चाकणच्या कंपनीत तुम्ही माझे मॅनेजर, चर्चमध्ये पंच. तडा गेलेल्या ब्रेक-कॅलिपरना मी 'नापास'चा लाल टॅग लावला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई गं, शास्त्र विसरलीस? धन्याची आज्ञा पाळ, काढ तो टॅग." मी काढला नाही. रविवारी भर उपासनेत तुम्ही माझं नाव घेऊन प्रार्थना केलीत, "प्रभू, हिचं बंडखोर मन मोड." आईसुद्धा आमेन म्हणाली.

टॅग लावताना नोकरी जाऊ शकते, हे ठाऊक होतं. देव तेव्हा जितका जवळ होता, तितका तुमच्या उपासनेत कधीच नव्हता.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही टॅग काढलात, तर येत्या रविवारी मी उभी राहून त्या गाड्यांत बसणाऱ्यांसाठी प्रार्थना करेन. कॅलिपर कुठल्या कंपनीतले, तेही सांगेन. आमेन तुम्ही म्हणा.

तुमची भाची,
रिबेका