फुल्कीच्या ठेल्यामागची कविता

गोरखपुर, जबलपुर

शाळासोबती रत्नाकर,

वहिनींना नमस्कार, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना दिलासा. अमरावतीची थंडी त्यांना मानवते ना? इकडे हेमलतेची आणि माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त एकमेकांना मानवत नाही.

तर विनता नावाची एक हुशार मुलगी बगिच्यांत, चौकांत चौकोनी स्टिकर लावून राहिली आहे. त्यावर मोबाइल धरला की त्या जागेची आठवण तिथल्याच माणसाच्या आवाजात, त्याच्याच बोलीत ऐकू येते. शहर सगळ्यांचं आहे, असं ती म्हणते. (हे चौकातल्या सांडाला आधीपासून ठाऊक होतं.) मराठीसाठी तिनं मला धरलं. मी आपली चौथीतली ओढ्याची कविता म्हटली, कारण इथल्या बगिच्याच्या जागी तेव्हा ओढाच होता आणि आपण त्यात पाट्या धुवायचो. (तू थुंकीनं पुसायचास, अक्षरही तसंच होतं.) ती स्टिकर बगिच्याच्या कमानीवर लावणार होती. मी म्हटलं, बेटा, कमानीखाली कोण थांबतो? माणसं फुल्कीवाल्यापाशी थांबतात, त्याच्या मागच्या खांबावर लाव. (फुल्की म्हणजे तुमच्या अमरावतीची पाणीपुरी, विसरला असशील.)

लावला. आता असा चौकोन दिसला की माणूस पैसेच देतो. एका बाईनं फुल्की खाऊन मोबाइल धरला नि दचकून म्हणाली, "भैया, पेमेंट नहीं हो रहा, कोई दादाजी डाँट रहे हैं." तो मी. तिसरं कडवं आठवेना म्हणून स्वतःलाच झापत होतो, "काहून आठवून नाही राहिलं रे!" विनतानं तेही ठेवलं. लोक ऐकता ऐकता पैसे न देताच निघायला लागले. फुल्कीवाला म्हणाला, "दद्दा, इसको हटवाओ, नहीं तो पानी में मिर्ची आप ही घोलना." हेमलता म्हणाली, "मी जन्मभर फुकट ऐकलं, माझं कोण हटवेल?"

आता विनता स्टिकर बाकाजवळ लावते म्हणते, पण महिनाअखेरपर्यंत पूर्ण कविता हवी, नाहीतर ती दुसरा मराठी आवाज शोधणार. रत्नाकर, भर बाजारात आपली मराठी मोठ्यानं चालू होती आणि माणसं घास तोंडात धरून उभी होती. हे मला जाऊ द्यायचं नाही.

तुझा
मुरलीधर

ता. क. तिसरं कडवं तुला येतं. पाठांतरात दरवर्षी तूच पहिला यायचास. लिहून पाठव. फोनवर नको, तू सूर लावशील.

आणखी ता. क. ही कविता पूर्ण येणारं दुसरं कोणी आहे का, असं विनतानं विचारलं. मी म्हटलं, होता एक बिचारा. तेव्हा गुडघे सांभाळ, महिनाअखेरपर्यंत प्रवास करू नकोस.