भुंग्याला शिकवलेलं कानडी

अण्णा, आज सकाळी शेजारच्या गल्लीतल्या एक बाई मला बघायला आल्या होत्या. जाताना हात दाबून म्हणाल्या, "हसत राहायचं बघा, अर्धा आजार त्यानंच जातो." मी मान हलवली. दार लावलं आणि तिथंच चपलांच्या स्टुलावर बसले, कारण आतल्या खोलीपर्यंत चालायचाही कंटाळा आला होता. मला स्तनाचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन झालं, आता सलाईनमधून औषध देतात. प्रत्येक खेपेनंतर काही दिवस अंगातलं सगळं कुणी उपसून नेल्यासारखं होतं, आणि नेमके त्याच दिवसांत लोक धीर द्यायला येतात. त्यांच्यासाठी चहा मीच ठेवते. कप विसळताना तुमची आठवण येते. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की हुबळीच्या कोप्पीकर रोडवरचं आपलं साड्यांचं दुकान आता मोबाईलचं झालंय, पण रिक्षा तिथून गेली की माझी मान अजून वळते.

त्या दुकानात मी लागले तेव्हा नवरा जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि मला साडीची धड घडीही घालता येत नव्हती. तुम्ही तिथले सगळ्यांत जुने सेल्समन. मला 'तंगी' म्हणायचात, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं, "आधी पदर दाखव, भाव शेवटी सांग, आणि मधल्या वेळात बोलत राहा." तुम्ही बोलत राहायचात म्हणजे काय, ते बघायला मी घड्या घालायची थांबायची. धारवाडहून नवरा-बायको आले की त्याच्याशी कानडी, तिच्याशी मराठी, आणि दोघांचं भांडण लागलं की एकाच वाक्यात दोन्ही. तुमच्या घशावर ते दुकान चालायचं असं मालकसुद्धा म्हणत.

मग तोच घसा बसला. आम्हाला वाटलं, लग्नसराईत बोलून बोलून बसला असेल. तो काही सुटला नाही. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. तुम्ही परत आलात तेव्हा गळ्याच्या खाली श्वास घ्यायला एक भोक होतं आणि त्यावर पांढऱ्या फडक्याची पट्टी. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "अण्णा, तुम्ही वर गोडाऊनमध्ये बसा. माल बघा. पगार तोच. इथं लग्नाची माणसं येतात, मानेकडे बघतात." तुम्ही खिशातून टॉर्चसारखं एक यंत्र काढलं, हनुवटीखाली टेकवलं, आणि तुमचा नवा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. सपाट, घरघरणारा. "एवढी लग्नसराई मला खाली बसू द्या. एकजण जरी माझ्यामुळं उठून गेला तर मी स्वतः वर जातो." तुम्ही आमच्या तोंडांकडे बघितलंत आणि पुन्हा यंत्र टेकवलंत. "काय झालं? भुंग्याला कानडी शिकवलंय. मराठी अजून कच्चं आहे." पहिल्यांदा मालकच हसले, आणि एकदा हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढरी पट्टी सोडून मोरपंखी ब्लाउजपीसच्या तुकड्याची पट्टी बांधून आलात. म्हणालात, "मॅचिंग." मग रोज नवा रंग. बायका मानेकडे बघायच्याच, पण आता त्या विचारायच्या, हा रंग साडीत आहे का.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. कुंदगोळकडचं मोठं कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलंय. गादीवर मावशा, काकवा, मुलाकडच्या दोघी, सगळ्या एकदम बोलतायत, आणि नवरी मुलगी भिंतीला टेकून गप्प बसलीय. तुम्ही यंत्र लावून "या" म्हणता, आणि त्यांची अज्जी दचकते. तिला वाटतं तुम्हाला ऐकू येत नाही. ती वाकून तुमच्या कानाशी कानडीत ओरडते, "इरकल दाखव, इरकल!" तुम्ही शांतपणे म्हणता, "किवी छलो अदावरी, अज्जी." कान चांगले आहेत माझे, आजी. तिला आवाज कळत नाही, ती आणखी मोठ्यानं ओरडते. मालक गल्ल्यावरून बघतायत. मुलाकडची एक बाई पदर नाकाला लावून उठते आणि दाराकडे जाते. मला वाटलं, संपलं आता. तुम्ही त्या जाणाऱ्या बाईकडे बघितलंत, मग यंत्र खाली ठेवलंत आणि त्या गप्प मुलीसमोर एकेक साडी नुसती उलगडत गेलात. लाल, तिची नजर हलली नाही. हिरवी, नाही. डाळिंबी आली आणि तिचा हात आपोआप पुढं झाला. तुम्ही तो पदर तिच्या खांद्यावर टाकलात, दोन बोटांनी विचारलंत, आरसा? तिनं मान हलवली. तुम्ही कपाळाला हात लावून अज्जीकडे बोट दाखवलंत, आता हिला कोण सांगणार? मुलगी हसली. एवढ्या सगळ्यांत ती पहिल्यांदाच बोलली, "मला हीच पाहिजे." तिच्या आईनं ते ऐकलं आणि बाकीच्या गप्प झाल्या. दाराकडे गेलेली बाई पायरीवरच उभी होती. ती परत येऊन बसली आणि स्वतःसाठीही एक बघून गेली. त्या दिवसानंतर मालकांनी गोडाऊनचं नाव काढलं नाही.

लोकांना तुमच्या या गोष्टी मी पूर्वी हौसेनं सांगायची. एक मात्र कधी सांगितली नाही, कारण तेव्हा ती मला कळली नव्हती. एकदा दुपारचं जेवण झाल्यावर मी काठाच्या साड्या आणायला वर गोडाऊनमध्ये गेले. तुम्ही गठ्ठ्यांना पाठ लावून खाली बसला होतात. पट्टी सोडून मांडीवर ठेवलेली. श्वासाबरोबर ते भोक वाजत होतं. मी मागं फिरणार तेवढ्यात तुम्ही हातानंच बस म्हणालात. मी बसले. यंत्र शेजारीच होतं, तुम्ही ते उचललं नाहीत. नुसते ओठ हलले, आणि मला वाचता आलं: दमलो. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. खालून कुणीतरी हाक मारली तेव्हा तुम्ही पट्टी बांधलीत, माझ्याकडून गाठ सरळ करून घेतलीत आणि उतरलात. थोड्या वेळानं खालून बायकांच्या हसण्याचा आवाज आला.

पुढं आजार उलटला, छातीत गेला. जुन्या हुबळीतल्या तुमच्या घरी मी शेवटची आले तेव्हा यंत्र धरायची ताकद तुमच्या हातात उरली नव्हती. वहिनी उशाशी बसून भाताची पेज भरवत होत्या. तुम्ही माझा पदर ओढलात, दोन बोटांत चोळून बघितलात आणि नाक मुरडलंत. म्हणजे मिक्स माल, अस्सल रेशीम नव्हे. मी म्हटलं, "हो अण्णा, तुम्हीच खपवली होती मला." तुमचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हताच, पण वहिनींना वाटी बाजूला ठेवावी लागली, त्याही हसत होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

आता माझ्या घरात लोक मला तुमचंच उदाहरण देतात. सून म्हणते, "तुमचे ते अण्णा बघा, कसे राहिले." तिचं चुकत नाही. पण तुम्हाला ते किती जड जात होतं ते आता माझ्या हाडांना कळतंय. गेल्या खेपेला हॉस्पिटलात मी नर्सला एक विनोद सांगून बघितला. तिला तो कळला नाही, मला पुन्हा सांगावा लागला, आणि शेवटाला येईपर्यंत मलाच त्याचा कंटाळा आला. मला तुमच्यासारखं जमत नाही, अण्णा. प्रयत्न केला.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. घरच्यांनी वाचलं तर उगाच घाबरतील. फक्त एक सांगायचं राहिलं. परवा सगळी बाहेर गेली होती. मी दार लावून मोठ्यानं रडले, पोटभर. मग उठून तोंड धुतलं आणि एकदम कडकडून भूक लागली. तोंड आलंय, तिखट बंद केलंय डॉक्टरांनी. मी भाकरीवर शेंगाची चटणी घेतली, वर दही. जीभ जळत होती, डोळ्यांतून पुन्हा पाणी येत होतं. तरी आणखी अर्धी भाकरी घेतली. संध्याकाळी सुनेनं विचारलं तर मी म्हटलं, दूधभात खाल्ला.