पामेरियनची खांदेमळणी

आई,

आज मी कुत्र्यांच्या पार्लरमधल्या मुलीशी वाद घालून आले. हो, कुत्र्यांचं पार्लर. चिकलठाण्याच्या पुढं जालना रोडला दुकानांची रांग झाली आहे, त्यातलंच एक. आत एसी आहे, कुत्र्याला उभं करायला टेबल आहे, केस वाळवायला गरम हवेचं मशीन आहे आणि दात घासायला कुत्र्यांची वेगळी पेस्टसुद्धा आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून दारातच हसत बसली असतीस. ती मुलगी माझ्या कुत्र्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, ऊन किती आहे, मशीन मारून सगळे केस उतरवून टाकू, गार वाटेल त्याला." मी म्हटलं, अजिबात नाही. दाट केसांच्या कुत्र्याला त्याचे केसच उन्हापासून वाचवतात. विंचरून आतली सुटलेली लव काढ, पंज्यांमधले केस काप, नखं काप, कान पूस आणि सोड. "तुम्ही कुठं शिकलात हे सगळं?" तिनं विचारलं. मी नुसतीच हसले. आईकडून म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं की तू कुत्र्यांची हौशी होतीस, आणि तुझी एवढी बदनामी मला करायची नव्हती.

बाबांच्या कंपनीतले साहेब बदलून गेले आणि त्यांचा पांढरा पामेरियन आपल्या गळ्यात पडला, तो दिवस मला अजून दिसतो. तू त्याला खालून वर आणि वरून खाली पाहिलंस आणि बाबांना म्हणालीस, "हे कुत्रं हाय का उशी? चोर आला तर चोरच ह्याला काखोटीला मारून नेईल." तुझं माहेर करमाडचं. तुझ्या लेखी कुत्रं म्हणजे शेतात राखण करणारं, उरलंसुरलं खाणारं आणि पाऊस पडला तरच न्हाणारं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उवा काढायची फणी तुझ्या हातात होती आणि तू ओसरीवर त्याच्या कानामागचे गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकत होतीस. "गुंता झाल्यावर वढण्यापेक्षा रोज विंचर," हे तू मला बजावलंस. पुढं उन्हाळ्यात त्याला फिरवायला न्यायच्या आधी तू डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून पाहायला लावायचीस. तुझ्या हाताला सोसत नसेल तर त्याच्या पायाला कसं सोसंल, म्हणायचीस. दुपारी हौदाच्या सावलीत ओलं गोणपाट टाकायचीस. हे सगळं करताना तोंडानं मात्र त्याचा उद्धार चालूच. जीव लावणं आणि तोंड आवरणं या दोन गोष्टी तुला कधी एकत्र जमल्या नाहीत.

मग ते कोरडं वर्ष आलं. मृगही कोरडा गेला आणि आश्लेषाही. नळ यायचा तो आठवड्यानं, आणि तेही करंगळीएवढी धार. टँकर आला की गल्लीत घागरींचा नुसता खणखणाट. भांडी घासलेलं पाणी तू मोरीत जाऊ द्यायची नाहीस, ते शेवग्याला जायचं. कपडे खळबळलेलं पाणी फरशीला. त्यात कुत्र्याच्या अंघोळीला पाणी कुठून आणायचं? मी त्याला ओल्या फडक्यानं पुसायचे, पण धुळीनं त्याचा रंग मातकट झाला होता आणि वासही मारायचा. एकदा मी त्याच्यासाठी बादलीभर पाणी मागितलं तर तू कडाडलीस, "माणसाला प्यायला नाय अन ह्याला न्हायला व्हय? पोळ्याला मामाकडं लावून देते करमाडला. तिथं तरी विहिरीच्या बुडाला काही आसंल." मी रडले, जेवले नाही. तुझ्यावर काही परिणाम झाला नाही. तू एकदा बोललीस की बोललीस. मी त्या दिवसापासून पोळा लांबावा म्हणून देवाला सांगू लागले. लोक पावसासाठी देवाच्या मागं लागले होते आणि मी अमावस्या पुढं ढकलायला सांगत होते.

दरवर्षी पोळ्याला आपण करमाडला जायचो. त्या वर्षी आदल्या दिवशी मामाच घरी आला. चहा पुढं आला तरी त्यानं कप उचलला नाही. म्हणाला, "आक्का, यंदा येऊ नको. गोठ्यात काय नाय. चाराच नव्हता, मागल्या बाजारात दोन्ही बैलं इकली." तू स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ भांडी इकडची तिकडं करत राहिलीस. मामा हळूच मला म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं नेतो बरं का तुझं कुत्रं. लई जपीन." मी कुत्र्याचा पट्टा धरून बसून राहिले.

दिवस कलला आहे. तू वाटी घेऊन बाहेर येतेस. वाटीत तूप आहे, त्यात हळद कालवलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे असे हळद-तुपानं मळायचे, वर्षभर जू वाहून दुखलेले खांदे, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. तुझ्या वडिलांच्या बरोबरीनं तू लहानपणापासून हे करत आलीस. हाताला सवय आहे, पण हाताखाली बैल नाहीत. तू जराशी थांबतेस. मग ओसरीच्या पायरीवर बसतेस, कुत्र्याला गुडघ्यांत घेतेस आणि त्याच्या खांद्यांना ते तूप चोळू लागतेस. ज्यानं जन्मात भाकरीच्या तुकड्याहून जड काही उचललं नाही, त्याचे खांदे. ते येडं डोळे मिटून उभं. तू वाकून त्याच्या कानाशी म्हणतेस, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मामा दारातून म्हणतो, "आक्का, उद्या सकाळीच न्यायचंय ना ह्याला?" तू मागं न बघता म्हणतेस, "आवतन दिल्याला दारातून लावून देतेत व्हय? शाना हायेस का?"

दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं पुरणपोळीचा तुकडा खाल्ला आणि मामा रिकाम्या हातानं गेला. त्यानंतर कुणी करमाडचं नाव काढलं नाही. त्याची मात्र पुरती फजिती झाली. हळद-तूप बैलाच्या आखूड केसांवर ठीक, त्याच्या कापसासारख्या केसांत ते मुरून बसलं. धुवायला पाणी नाही. धूळ चिकटली, मुंग्या आल्या, तो दिवसभर खांदे चाटत बसायचा. शेजारच्या काकू विचारायच्या, "कावीळ झाली का हो याला?" शेवटी तू कात्री घेतलीस आणि खांद्यांवरचे केस कातडीपर्यंत कापून टाकलेस. तिथली कातडी उन्हानं लाल झाली, तू खोबरेल लावत राहिलीस, दुपारी त्याच्या अंगावर जुनी ओढणी बांधलीस. केस आले, पण पहिल्यासारखे नाहीत, विरळ आणि राठ. मशीन मारू नका, हे मी तिथं शिकले. परतीचा पाऊस आला तेव्हा तू त्याला पागोळीखाली धरून मनसोक्त धुतलंस आणि जणू त्याच्यावर उपकारच करत होतीस तशा त्याला शिव्या देत होतीस.

मामाच्या शेताच्या कडेनं आता मोठा रस्ता गेलाय, पलीकडं कंपन्या, अलीकडं प्लॉट. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात अजून टँकर येतो. मी माझ्या कुत्र्याला रोज विंचरते, फडक्यानं पुसते, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत बुरशी येऊ नये म्हणून पाय कोरडे करते. लोक म्हणतात, किती करता हो कुत्र्याचं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तू वाचावीस असं मला वाटत नाही. कुत्रं राहिलं म्हणून त्या संध्याकाळी मी अंगणभर नाचले, ते तू पाहिलंस. पण त्याआधी, तू त्याचे खांदे मळत होतीस तेव्हा, मी खांबाला टेकून उभी होते आणि मला त्याचा हेवा वाटत होता. तुझा हात इतका हळू फिरतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.