शेजारच्या चौकोनाबद्दल

प्रिय डेल,

टॅमरॅक फॉल्सहून ट्रॉयचा नमस्कार. मान खाली घालून केलेला आहे, तसाच समजून घे.

ॲरिझोनाच्या उन्हात तू, मार्सी आणि टेसा सुखरूप असाल अशी आशा करतो. मार्सीचा दमा तिकडच्या कोरड्या हवेत आटोक्यात आला असेल, तुझा गुडघाही कुरकुरत नसेल. इकडे मे महिना उजाडला तरी तळ्याच्या कडेला बर्फ आहे. माझ्या तब्येतीची तू रोज चौकशी करतोस, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. हे पत्र त्या तब्येतीबद्दलच आहे. (बसून वाच. मार्सी जवळ असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन वाच.)

माझी तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम आहे की सांगायला तोंड नाही.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. फोन तीनदा उचलला होता. पहिल्यांदा तुझ्याशी हवापाण्यावर वीस मिनिटं बोललो, दुसऱ्यांदा तुझ्या नव्या गाडीच्या टायरांवर, आणि तिसऱ्यांदा तू 'हॅलो' म्हणालास त्या आवाजातच एवढी काळजी होती की मी चुकून लागला असं सांगून ठेवून दिला. रविवारच्या खेळात बोलावं तर कानातल्या हेडफोनवर विन्स आणि ब्रेंट ऐकत असतात, आणि विन्सच्या कानात पडलेलं त्याच्या बायकोच्या, लॉरेनच्या कानात पडतं, आणि लॉरेन चर्चच्या प्रार्थनामंडळाची प्रमुख आहे. म्हणून कागद.

मुळापासून सांगतो. आपण चौघं एकोणीस वर्षं माझ्या आईच्या तळघरात, त्या तपकिरी सोफ्यावर खांद्याला खांदा लावून दर रविवारी दुपारी व्हिडिओ गेममध्ये एकमेकांना गोळ्या घालत आलो. एक टीव्ही, त्याचे चार चौकोन, ज्याने त्याने आपल्या चौकोनात बघायचं. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. आपल्याकडचा माणूस एखाद्या वेळी दुसऱ्याच्या रानात हरीण मारेल, पण शेजारच्याच्या चौकोनात डोकावणार नाही. ब्रेंटच्या चुलतभावाने एकदाच डोकावलं, तर त्याला वर पाठवून आईकडे भांडी घासायला लावलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या ठरावाला पहिला हात मी वर केला होता.

डेल, मी एकोणीस वर्षं तुझ्या चौकोनात बघत होतो.

बाकीच्यांच्या नाही, तुझ्याच. तू माझ्या डाव्या हाताला बसायचास आणि चिप्सचा वाडगा तुझ्या मांडीवर असायचा, त्यामुळे मला तिकडे वळायला कारण मिळायचं. (त्या काळात मी एवढ्या चिप्स का खायचो, हे हायडीला, माझ्या बायकोलासुद्धा, कालपर्यंत कळलं नव्हतं.) तू कुठल्या जिन्याखाली दबा धरून आहेस, कुठल्या पिंपामागे बसून गोळ्या भरतो आहेस, हे मला तुझ्याइतकंच माहीत असायचं. विन्स म्हणायचा, "ट्रॉयला पाठीलासुद्धा डोळे आहेत." मी नम्रपणे खांदे उडवायचो. त्या नम्रपणाची आता सर्वांत जास्त लाज वाटते.

आणि आपला तो ठराव, की वर्षभरात जो सर्वांत जास्त वेळा मरेल त्याने जूनच्या गावमिरवणुकीत मूस या रुंद शिंगांच्या थोराड हरणाचं खोटं डोकं घालून चालायचं, तो ठरावही माझाच. तू अकरा वेळा चाललास. त्या डोक्यात तुझा चष्मा धुक्याने भरायचा आणि तू अग्निशमन दलाच्या बंबावर जाऊन आपटायचास. टेसाने पहिलीत 'माझे बाबा' या चित्रात शिंगं काढली होती, ते चित्र तू हसत हसत आम्हाला दाखवलंस. मीही हसलो.

मग तुम्ही ॲरिझोनाला गेलात, आणि आपण ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या टीव्हीवर खेळू लागलो. पहिल्या रविवारी मी सगळा पडदा माझाच बघून आधी खूश झालो. मग एकतीस वेळा मेलो. मला मागून मारलं, पुढून मारलं, एकदा मी स्वतःच गच्चीवरून खाली पडलो. ब्रेंट म्हणाला, "अरे, झालंय काय तुला?" मी म्हटलं, रिमोटचं बटण अडकतंय. पुढच्या रविवारी इंटरनेटवर ढकललं. त्याच्या पुढच्या रविवारी नवा रिमोट आणि नवं इंटरनेट दोन्ही आलेली होती (दोन्ही हायडीने वाढदिवसाला दिली), आणि सबब उरली नव्हती. म्हणून मी म्हणालो, हाताला मुंग्या येतात रे हल्ली, आणि नजर जरा अंधुक होते.

त्या रविवारी खेळ तिथेच थांबला.

सोमवारी सकाळी दारात आजाऱ्यासाठी केलेल्या जेवणाचा पहिला थाळा आला. खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याचे गोळे, लॉरेनच्या हातचा. बुधवारपर्यंत चार झाले. रविवारी पाद्रीबाबांनी आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव वाचलं, ते ऐंशी वर्षांच्या मिसेस लुंडक्विस्ट आणि कंबर मोडलेल्या एका आजोबांच्या मधोमध. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी, देव मला क्षमा करो, हाताची बोटं थोडी चोळली. आजवर सतरा थाळे खाल्ले. माझं वजन अकरा पौंड वाढलं, तर लोक म्हणतात बिचाऱ्याला औषधाची सूज आली आहे. हायडीला पहिल्या दिवसापासून संशय होता, पण तीन आठवडे स्वयंपाक करावा लागला नाही म्हणून तीही गप्प बसली. (हे मी लिहिलं आहे ते तिला माहीत नाही.)

तरी मी हे निभावून नेलं असतं. पण परवाचा रविवार. तुला आठवतोच, कारण ते सगळं तुम्ही आधी ठरवून केलंत. मी मोकळ्या चौकात उभा. समोरून विन्स आला, मला पाहिलं, आणि बंदूक खाली करून निघून गेला. ब्रेंट माझ्यापुढे उकिडवा बसून राहिला, जणू माझ्या बुटाची नाडी बांधतोय. आणि तू माझ्या मागे मागे चालत होतास. मी कुणालाही गोळ्या घालत सुटलो आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा प्रामाणिकपणे जिंकलो, तर तुम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग तू म्हणालास, "ऐक, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी येतोय मी. रॉचेस्टरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गाडी मी चालवीन, तू नुसतं शेजारी बसायचं. आणि हायडीला सांग, एकटी नाहीये म्हणावं ती."

मी म्हणालो, बरं. तेवढंच म्हणालो.

मग मला हायडीकडून कळलं, आणि तिला मार्सीकडून, की त्याच शुक्रवारी टेसाची पोहण्याची राज्य स्पर्धा आहे आणि तू तिला समजावून सांगितलं आहेस की ट्रॉयकाकाला बाबाची गरज जास्त आहे. तेव्हा मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. हायडी म्हणाली, "आज पत्र टाकलं नाहीस तर येत्या रविवारी चर्चमध्ये मी उभी राहून सांगेन." ती सांगेल. तू ओळखतोस तिला.

तेव्हा डेल, येऊ नकोस. मला काहीही झालेलं नाही. मी फक्त वाईट खेळतो, आणि नेहमीच वाईट खेळत होतो. तू टेसाच्या स्पर्धेला जा, पुढे बसून ओरड. मला मित्र म्हणायचं की नाही, ते तू ठरव. विन्स आणि ब्रेंटला मी स्वतः सांगेन, आणि या जूनमध्ये मूसचं डोकं मी घालेन. एकदा नाही, अकरा वेळा.

तुझा, म्हणवून घेण्याच्या लायकीचा नसलेला,
ट्रॉय

ता. क. : सतरा थाळ्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर ज्याची त्याची नावं आहेत, ते धुऊन परत करायला मी स्वतः घरोघर जाणार आहे. मिसेस लुंडक्विस्टच्या घरी काय सांगावं हे तुला सुचलं तर कळव. त्यांनी स्वतःच्या आजारपणात माझ्यासाठी थाळा केला होता. (सगळ्यांत चांगला त्यांचाच होता.)

आणखी ता. क. : एक गोष्ट वर लिहायचं धाडस झालं नाही. माझे बाबा गेले त्या हिवाळ्यात मी खेळायला यायचो, पण माझं लक्ष नसायचं. माझ्या चौकोनातला माणूस भिंतीकडे तोंड करून नुसता उभा असायचा. तुझ्या चौकोनात मात्र मी सवयीने बघायचो. तिथे तुझ्या नेमाच्या फुलीत मधोमध माझी पाठ दिसायची. तू ती फुली हळूच बाजूला न्यायचास आणि शेजारच्या भिंतीवर गोळ्या झाडून म्हणायचास, "चुकला लेकाचा." असं तू सबंध हिवाळाभर केलंस. विन्स तुझ्या नेमाला हसायचा, आणि तू त्याला हसू दिलंस. मी तुझे आभार कधीच मानले नाहीत, कारण मानायचे तर मी बघत होतो हे सांगावं लागलं असतं. आता सांगून झालंच आहे. आभारी आहे, डेल.

शेवटचं : डॉक्टरांची वेळ मी रद्द केली आहे. तिकीट मात्र रद्द करू नकोस, स्पर्धेच्या पुढच्या आठवड्याचं करून घे. मला काहीही झालेलं नाही. तरी ये.