तू दारात उभी होतीस

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. अक्षर वाकडं आलंय म्हणून लाजू नकोस, पलंगावर पडून लिहिलेलं कळतंच. खुब्याचं हाड जुळायला वेळ लागणार. डॉक्टर सांगतील तेवढंच चाल, स्वयंपाकघरात लुडबुड नको. भाचीला म्हणावं, आईला दटावायचे सगळे अधिकार मावशीनं तुला दिलेत.

माझं बरं चाललंय. दुकानात कामाचा ढीग पडलाय. कोणाची पँट कमरेत सैल करायची, कोणाची उंची कमी करायची. परवा एक गृहस्थ लग्नातला कोट घेऊन आले आणि म्हणाले, ‘दोन बोटं वाढवा.’ मालकीणबाई म्हणाल्या, ‘दोन हात म्हणा.’ बाह्या, कॉलर, अस्तर सगळं मी करते. कफ तेवढे त्या करतात. कोणाच्या मनगटाला टेप गुंडाळायला मला अजून जमत नाही. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

तू दोन महिने राहायला ये म्हणतेस. भावोजी गेल्यापासून घरात तुम्ही दोघीच, आणि त्यात हे पडणं. मला कळतं गं. पण सध्या दुकानातून सुट्टी मिळणं अवघड आहे. बघते.

एक नवीन बातमी. आपले जुने डॉक्टर म्हणायचे ना, ‘बायपोलर आहे, हिला जुनं काही उकरायला लावू नका, तेजी उसळेल’? (तेजी आणि मंदी, हे आपल्या दोघींचे शब्द. बाजारातल्या लोकांना काय कळणार!) इथले डॉक्टर उलट म्हणाले. तब्येत बरेच दिवस स्थिर आहे, लिथियम चालूच ठेवू, पण आतली जखम तशीच राहिली तर तीही आजाराला ढोसत राहते. म्हणून त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलंय. सुरुवातीला तर बाई नुसती झोपेची आणि गोळ्यांची चौकशी करत होत्या. तेजीची चाहूल लागली तर कोणाला फोन करायचा, तेही ठरवलं. आता त्या समोर बसून दोन बोटं डावी-उजवीकडे हलवतात. मी मनात तो जुना प्रसंग धरायचा आणि डोळ्यांनी बोटांचा पाठलाग करायचा. पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. वाटलं, माशी हाकलताहेत.

कुठला प्रसंग, असं तू विचारशील. आईचं जाणं. त्यावरच चाललंय. काळजी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


रविवार, २० एप्रिल

ताई,

बुधवारी फोन आपोआप तुटला नाही, मी ठेवला. आणि आईच्या जाण्यावर काही चाललं नव्हतं. तुझं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तेव्हा खरं लिहायचा धीर झाला नाही.

चाललं होतं ते तुझ्या घरातल्या वरच्या खोलीवर. माझ्या पहिल्या तेजीवर. फोनवर मला धाप लागली, शब्द धड निघेनात, म्हणून आता सावकाश लिहिते.

मी तुम्हाला किती पिडलं होतं ते मला ठाऊक आहे. कोणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. गच्चीच्या कठड्यावर चढले होते. तुझ्या दंडाला कडकडून चावले होते. इस्पितळाची गाडी संध्याकाळशिवाय येणार नव्हती. मग भावोजींनी आणि शेजारच्या कंपाउंडरनं चादर फाडून माझी मनगटं आणि घोटे पलंगाला बांधले. पाय तू धरलेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बांधलं नसतं तर हे पत्र लिहायला मी उरले नसते.

बाईंनी विचारलं, ‘यातला सगळ्यात वाईट क्षण कोणता?’ मला वाटत होतं, गाठी आवळल्या तो. पण बोटांमागे डोळे फिरत राहिले आणि भलताच क्षण वर आला. तू दारात उभी होतीस. मी म्हटलं, ‘ताई, मला बाथरूमला जायचंय.’ ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य माझं होतं, बाकी सगळं आजाराचं. कंपाउंडर म्हणाला, ‘सोडू नका, नाटक आहे.’ मी पुन्हा म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग भिंतीकडे.

पुढचं तुला माहीत आहे.

नंतर तू मला कोमट पाण्यानं पुसलंस, कपडे बदललेस, केसांचा गुंता काढलास. सगळं मुक्यानं. मीही कधी विषय काढला नाही. पण तेव्हापासून काही सांगायची वेळ आली की आधी मनात येतं, कोण खरं मानणार? दाढ सुजली तरी मी कोणाला बोलले नाही. नवरा सोडून जाताना लोकांसमोर म्हणाला, ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिचं काय ऐकता?’ मी वादसुद्धा घातला नाही.

हे वर आलं तेव्हा माझी झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या थोड्या वाढवल्या, बाईंनी मध्ये थांबायला लावलं. तेजी आली नाही. नुसतं रडू आलं, भरपूर. मग एके दिवशी बाईंनी विचारलं, ‘पलंगावरच्या त्या मुलीबद्दल आता काय वाटतं?’ मी म्हटलं, ‘ती खरं बोलत होती.’

हे तुला सांगावं म्हणून मी फोन केला, ताई. दुसऱ्या कोणाला सांगून काय उपयोग? तिथे तू होतीस. आणि तू म्हणालीस, ‘असं काही झालंच नव्हतं गं. औषधांनी तुला काहीबाही आठवतं. त्या बाईकडे जाणं आधी बंद कर बघू.’

फोन ठेवून मी मशीनसमोर बसून राहिले. खरंच झालं नसेल तर? ज्या डोक्यानं एकदा दगा दिलाय, त्याचा भरवसा कसा धरायचा? ही भीती तुला नाही कळायची.

शुक्रवारी भाचीचा फोन आला. तिला रागवायचं नाही, बजावून ठेवते. म्हणाली, ‘मावशी, आई बुधवारपासून धड जेवली नाही. सारखं एकच चाललंय, ती ओली गादी मी एकटीनं जिन्यावरून खाली आणली, कोणाला हात लावू दिला नाही. कुठली गादी गं?’

‘जुनी होती एक,’ एवढंच तिला म्हणाले. फोन झाल्यावर भिंतीला टेकून खाली बसले. सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तुला सगळं आठवतं. इतकी वर्षं तूही ते गिळून बसलीस. आणि तरी मला म्हणालीस, झालंच नव्हतं.

येत्या शनिवारी येतेय. मालकीणबाईंनी मागितल्याबरोबर सुट्टी दिली, दुकानाचं माझं निमित्त होतं. वरच्या खोलीत मी झोपणार नाही, बाहेर सोफ्यावर पडेन. तुला धरून चालवीन, अंघोळ घालीन, तू कितीही चिडलीस तरी. माझ्या गोळ्या मी घेईन, त्यावर तू लक्ष ठेवायचं नाही.

मी आले की भाचीला काहीतरी आणायला बाहेर पाठव आणि मला एवढंच म्हण, ‘तू खरं बोलत होतीस.’ माफी नको. माफी मागितलीस तर मीच तुझी समजूत काढत बसेन आणि तुझं ते वाक्य राहून जाईल. तोंडातून निघालं नाही तर नुसती जवळ बस, तेही चालेल, असं मी वर लिहिलं होतं. खोडून टाकलंय. चालणार नाही, ताई. म्हणच.

तुझ्यावर रुसून तुझ्याकडेच येणारी,
तुझी धाकटी