एकदाही न फसलेली फियाट

२१ एप्रिल २०२५ रोजी केलेलं माझं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. कारण त्यात एक चूक आहे. कलम चारमध्ये मी लिहिलं होतं: "ही गाडी आजवर फक्त एकदाच, बाबली सर्पदंशाने गेला त्या दिवशी, सुरू झाली नाही." हे खोटं आहे. गाडी त्या दिवशीही चालू होती. ती एकदाही फसलेली नाही.

मी, सँड्रीना लुद्रिक, वय ३१, मालवणातल्या एका शाळेत शास्त्र शिकवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी घाबरलेली आहे, पण घाबरलेलं मन म्हणजे बिघडलेलं मन नव्हे, हे डॉक्टरांना विचारून घेतलं आहे आणि त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिशीतच मृत्युपत्र का, याचं उत्तर सोपं आहे. मी १९६४ सालची फियाट विकत घेतली. तिला सीटबेल्ट नाहीत, ब्रेक मारल्यावर ती विचार करून थांबते, आणि मला रात्रीतून तीनदा उठून गॅस बंद आहे ना हे पाहायची सवय आहे. आतेभाऊ ॲल्स्टन तेव्हा हसून म्हणाला होता, "गाडी घेतंस काय विमान गो?"

कलम १. गाडी कोणाची, आणि मी कोण

गाडी फॉस्टिन अंकलची, म्हणजे ॲल्स्टनच्या वडिलांची. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. माझे वडील जहाजावर आणि आई मस्कतला नर्स, त्यामुळे मी अंकल आणि सेवरीना आंटीकडे वाढले. शाळेत जाण्याआधी मला अंकलनीच शिकवलं, तेही गाडीच्या शेडमध्ये. ते जुन्या बनियनने बॉनेट पुसत आणि मी पायरीवर बसून पाटी गिरवत असे. हात धुतल्याशिवाय गाडीला बोट लावायचं नाही आणि खोटं कधी बोलायचं नाही, हे दोन नियम मला एकाच स्वरात शिकवले गेले. मी आजवर दोन्ही पाळत आले, असं समजत होते.

सीटांवरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही. गाडी बाहेर निघायची ती लग्नांना, नवरीला चर्चपर्यंत सोडायला. एरवी दर रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर पंधरा मिनिटं शेडमध्येच इंजिन चालवून बंद करायचं. आता ॲल्स्टन त्या दोघांना म्हापशाच्या फ्लॅटमध्ये नेतो आहे. तिथे गाडी ठेवायला जागा नाही. पणजीहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले, बॉनेटवरून घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवून म्हणाले, "किती जपलीय हो!" मला वाटलं, ही परक्याकडे जाऊ नये. म्हणून मी घेतली.

कलम २. चूक कशी कळली

१० मे रोजी, शनिवारी, कागदपत्रं माझ्या नावावर झाल्यावर मी किल्ली घ्यायला गेले. अंकलनी मला चालकाच्या जागी बसवलं, चोक ओढायला सांगितला. गाडी लगेच सुरू झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघलंस? पयल्या सेल्फाक. येकदाय फसली नाय, सँड्रीना. येकदाय नाय."

मी चुकीचा तपशील तसाच सोडू शकत नाही. म्हणाले, "तो एक दिवस सोडून, अंकल."

"खंयचो दिवस?"

"बाबली गेला तो."

ते चिडले. माझ्यावर नाही, गाडीची बदनामी झाली म्हणून. "कोणी सांगल्यान तुका? त्या दिसाय चालू होती! सकाळीच पॉलिश केलेलंय, नया रेक्झिन घातलेलंय. आयतारी रॉड्रिग्जांचा लगीन होता. भायर चिखल, आणि बाबलीच्या तोंडातसून फेस येय होतो. सीटावर ओकलो असतो तर? ता कोण पुसतलो?"

आणि मग, समजुतीच्या सुरात: "पण गाडी फसली, असा म्हणू नको हां."

स्वतःच्या नावाला बट्टा लागला तरी चालेल, गाडीच्या लागू नये, अशी त्यांची निवड होती. ती त्यांनी विचारही न करता केली. इंजिन चालूच होतं. नवं प्लास्टिक, नॅफ्थलीन आणि कोमट खोबरेल यांचा तो वास मला लहानपणी फार आवडायचा. त्या क्षणी मला शिसारी आली. मी दार उघडून खाली वाकले. अंकल म्हणाले, "भायर ओक हां, भायर."

स्वयंपाकघरात सेवरीना आंटी पाव कापत होत्या. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी सुरी थांबवली नाही. "जुना झाला ता. एकवीस वर्सां बाबलीच्या बायलेची सोलां खाल्लंस, तेव्हा नाय विचारलंस?"

कलम ३. त्या दिवशी काय झालं

११ जुलै २००३, शुक्रवार, दुपारचे चार. बाबली आमच्या काजूच्या बागेत काम करायचा. त्याला घोणस चावली. सरकारी दवाखाना नऊ किलोमीटरवर होता आणि तिथे इंजेक्शन होतं, हे मी नंतर खात्री करून घेतलं आहे. त्याची बायको यशोदा अंगणात आली. अंकलनी शेडमधूनच मला सांगितलं, "जा, तिका सांग, गाडी सुरू जायना." मी नऊ वर्षांची होते. मी धावत गेले आणि सांगितलं. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, ही नोंद या मृत्युपत्रात माझ्या नावावर राहावी.

मी वळून पाहिलं तेव्हा अंकल बॉनेट उघडून आत वाकले होते. ते ढोंग होतं, हे मला आता कळलं. यशोदाने ते खरं मानलं. मासळीचा टेम्पो मिळेपर्यंत पावणेदोन तास गेले. बाबली वाटेतच गेला.

त्यानंतर दर मे महिन्यात यशोदा आमच्याकडे वाळवलेली कोकमं घेऊन येते, आम्ही ज्यांना सोलं म्हणतो. केळीच्या पानात बांधलेली, चांगली काळी, खारवलेली. ओट्यावर बसते आणि म्हणते, "मास्तरांनी कितकी खटपट केल्यानी त्या दिसा. हात तेलान काळे झाल्ले." अंकल मान हलवतात. एकवीस उन्हाळे त्यांनी मान हलवली आणि आम्ही सोलकढी प्यायलो. मी वाटीला लागलेलीही बोटाने चाटली.

कलम ४. माझी लाज

हे ऐकल्यावरही मी किल्ली परत दिली नाही. मला गाडी हवी होती. तिचा रंग, स्टिअरिंगलगतचा गिअर, दार बंद होतानाचा तो जड, मऊ आवाज. ओकून झाल्यावर मी तोंड पुसलं आणि तीच गाडी चालवत मालवणला आले. रस्त्यात वळवाच्या पाण्याने भरलेला एक खड्डा चुकवला, गाडीवर चिखल उडू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की अंकलनी मला अक्षरांखेरीज आणखी काय शिकवलं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

कलम ५. गाडीची व्यवस्था

माझ्या पश्चात ही फियाट यशोदाला द्यावी. पण त्याआधी तिला कलम दोन आणि तीन मोठ्याने, तिच्या बोलीत, समजावून वाचून दाखवावीत. गाडी ही माफीची किंमत नाही आणि ती देताना तसं कोणी सुचवूही नये. तिने ती विकावी, अंगणात ठेवून आत कोंबड्या पाळाव्यात, की दगडाने काचा फोडाव्यात, हा तिचा अधिकार आहे. नको म्हणाली तर तिची मुलगी किशोरी ठरवेल ते करावं. पणजीच्या शौकीन गृहस्थांना मात्र ती विकू नये, कारण ते ती जपतील.

मी हयात असेपर्यंतची व्यवस्था अशी: किल्ली माझ्या खोलीच्या बाहेरच्या खिळ्याला असेल. दवाखान्यात जायचं असेल त्याने विचारू नये, न्यावी. सीटांवरचं प्लास्टिक मी फाडून काढलं आहे.

कलम ६. इतर

बँकेतली ठेव आईला. पान्यांचा संच आणि जॅक, वेंगुर्ल्याजवळच्या भाईच्या गॅरेजला, कारण त्याने ब्रेक तपासताना प्रामाणिकपणे सांगितलं, "बाय, हिका उतारावर विश्वासान सोडू नको." शास्त्राची पुस्तकं शाळेला. सीटांवरून काढलेलं ते प्लास्टिक घडी घालून फॉस्टिन अंकलना पाठवावं; म्हापशाच्या सोफ्याला उपयोगी पडेल.

माझ्या अंत्यविधीत अंकलनी बोलू नये. त्यांना खांदा द्यायचा असेल तर द्यावा. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी आहे, हे मला नाकारता येत नाही.

कलम ७. मी कच खाल्ली तर

मी ठरवलेली गोष्ट शेवटच्या क्षणी पुढे ढकलते, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. पाच दिवसांत मी यशोदाच्या वाटेपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले, दुसऱ्या वेळी तिने मला पाहिलं आणि हाक मारली, "येतंस काय गो बाय, पाणी तरी पी." पेट्रोल संपत आलंय, पंपावर जायचंय, असं मी सांगितलं. म्हणजे त्याच बाईला, त्याच गाडीबद्दल मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

मास्तर सोमवारी म्हापशाला जाणार म्हणून यशोदाने निरोप पाठवला आहे की ती रविवारी, मिसा सुटल्यावर, यंदाची सोलं घेऊन येईल. ती त्या ओट्यावर पुन्हा एकदा बसून आभार मानता कामा नये. म्हणून या मृत्युपत्राच्या दोन प्रती दोन्ही साक्षीदारांकडे आज देत आहे, आणि त्यांना आतल्या मजकुरासह सर्व माहीत आहे. त्या सकाळी सात वाजेपर्यंत मी यशोदाला सांगितलेलं नसेल, मग मी जिवंत असो वा नसो, तर त्यांनी स्वतः जाऊन सांगावं. माझ्यावर दया करू नये. साक्षीदारांपैकी कोणालाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, दोनदा वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सँड्रीना लुद्रिक

साक्षीदार १: अक्षया परुळेकर, सहशिक्षिका. सही. (त्या म्हणाल्या, "मी साडेसहापासून वाटेवर उभी राहीन." तसं लिहून ठेवते.)

साक्षीदार २: स्टॅनली मेंडिस, शेजारी. सही.

स्थळ: मालवण. दिनांक: १५ मे २०२५, गुरुवार.

यशोदाच्या अंगणात गाडी घेऊन जाण्याचा आणि तिला सांगण्याचा दिवस: रविवार, १८ मे २०२५, सकाळी साडेसहा.